रात्री दोन वाजता विद्यापीठात वीज कोण वापरतं?

मोबाइल काढून घेतल्यावर चार्जर सॉकेटमध्ये तसाच ठेवू नका, तो वीज खातो, असं वसतिगृहातल्या मुलांना आपण वर्षानुवर्षं सांगत आलो आहोत. मुलं ऐकतातही. पण एकदा हिशेब मांडून बघू. मोबाइल न जोडलेला आजचा साधा चार्जर फार तर ०.२ वॉटच्या आसपास वीज घेतो. तो वर्षभर, रात्रंदिवस तसाच राहिला तर पावणेदोन युनिट होतात. जुन्या पद्धतीचा छताचा पंखा ७५ वॉटचा. रिकाम्या वर्गात तो एक दिवस आणि एक रात्र फिरत राहिला की १.८ युनिट झाले. म्हणजे एका चार्जरची वर्षभराची नासाडी आणि एका विसरलेल्या पंख्याचे चोवीस तास जवळपास सारखेच. आणि वर्गात पंखा एक नसतो, आठ असतात.

चार्जर काढूच नये असं मला म्हणायचं नाही. पण लक्ष भलतीकडे गेलं की खरी गळती नजरेआड होते. विद्यापीठासारख्या जागी तर ती व्हायचीच, कारण तिथे वीज वापरणाऱ्याला बिल दिसत नाही आणि बिल भरणाऱ्या लेखा विभागाला कुठल्या खोलीत काय चालू आहे ते दिसत नाही. घरात आई "दिवा कोणी चालू ठेवला?" म्हणून ओरडते. वर्गखोलीला तशी आई नसते.

म्हणून माझा आग्रह आधी एका आकड्यासाठी असतो: रात्री दोन वाजताचा भार. मोठ्या विद्यापीठांची जोडणी बहुधा उच्चदाबाची असते आणि तिच्या मीटरमध्ये दर पंधरा मिनिटांच्या किंवा अर्ध्या तासाच्या वापराची नोंद साठत जाते. ती उतरवून आलेख काढला की दिवसाचा डोंगर दिसतो. त्याबद्दल फारसं आश्चर्य वाटायला नको. वर्ग भरतात, कार्यालयं चालतात, प्रयोग होतात. बघायचं ते डोंगराच्या पायथ्याला. सगळे झोपलेले असताना ती रेघ शून्याच्या किती वर आहे? विद्यापीठातल्या बहुतेक गैरसमजांची उत्तरं त्या रेघेत सापडतात.

"पंखा चालू राहिला तर खोली तरी थंड राहील." हा समज शिकल्यासवरलेल्या माणसांतही घट्ट आहे. पंखा हवा थंड करत नाही. तो हवा हलवतो, त्यामुळे आपल्या अंगावरचा घाम लवकर वाळतो आणि आपल्याला गार वाटतं. अंगच नसेल तर गारवा कुणाला? उलट मोटरने घेतलेली सगळी वीज शेवटी उष्णता होऊन त्याच खोलीत उरते. रिकाम्या खोलीतला पंखा खोली किंचित तापवतच असतो.

पंख्याचा वेग कमी केला तरी बिल तेवढंच येतं, हे मात्र एके काळी बरंचसं खरं होतं. भिंतीवरचा तो जुना, जाड, हात लावला तर कोमट लागणारा रेग्युलेटर आठवतो? तो वेग कमी करायचा, पण वाचलेल्या विजेचा मोठा भाग स्वतः तापण्यात घालवायचा. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आले तेव्हापासून वेगाबरोबर वीजही खरोखर कमी होते. जुन्या इमारतींत अजून ते जाड खोके दिसतात, ते आधी काढावेत. आणि पंखा बदलायचाच असेल तर बीएलडीसी, म्हणजे ब्रशविरहित मोटरचा, घ्यावा. तो पूर्ण वेगातही तीसेक वॉटमध्ये भागवतो. दिवसाला बारा तास आणि वर्षाला अडीचशे दिवस धरले तर एका पंख्यामागे १३५ युनिट वाचतात, युनिटला दहा रुपये धरले तर साडेतेराशे रुपये. दोन-अडीच वर्षांत पंख्याची किंमत वसूल होते, आणि पंखा त्यानंतरही बरीच वर्षं चालतो. तरीही खरेदी समितीपुढे सर्वांत कमी दराची निविदाच पुढे सरकते, कारण वीजबिल दुसऱ्या लेखाशीर्षात पडतं. माझ्या मते विद्यापीठातल्या ऊर्जाबचतीचा सर्वांत मोठा अडथळा यंत्रात नाही, या दोन लेखाशीर्षांच्या मधल्या भिंतीत आहे.

एसी १६ अंशांवर ठेवला की खोली लवकर थंड होते, असं कार्यालयांत आणि सभागृहांत सर्रास मानलं जातं. बाहेरून तापून आलेल्या माणसाला तसं वाटणं स्वाभाविक आहे. पण खोलीत ३४ अंश असताना तुम्ही १६ सांगा की २४, कॉम्प्रेसर सुरुवातीला आपल्या पूर्ण ताकदीनेच चालतो. फरक पडतो तो थांबण्यात. २४ सांगितलं असेल तर तिथे पोचल्यावर तो विसावतो. १६ सांगितलं असेल तर कित्येक खोल्यांत तो आकडा कधी गाठलाच जात नाही आणि यंत्र दिवसभर धापा टाकत राहतं. तापमान एक अंशाने वाढवलं की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो. १ जानेवारी २०२० पासून तारांकित खोली-एसी सुरू होताना २४ अंशांवरच यावा असा नियम आहे. रिमोट हातात आला की तो नियम आपण पाच सेकंदांत मोडतो. २६ अंश आणि सोबत मंद पंखा, एवढ्यात बहुतेकांचं भागतं.

जास्त थंड म्हणजे जास्त चांगलं, हा समज संगणक केंद्राच्या सर्व्हर खोलीत आणखी महाग पडतो, कारण तिथला एसी रात्रीही चालतो. सर्व्हर खोलीत स्वेटर घालावा लागला म्हणजे यंत्रं सुरक्षित, अशी एक भावना असते. वातानुकूलन अभियंत्यांची 'ॲश्रे' ही संस्था सर्व्हरच्या तोंडाशी १८ ते २७ अंशांची हवा योग्य मानते. म्हणजे २४-२५ अंशांत धोका नाही. गरम हवा मागून बाहेर जाते की पुन्हा पुढे येते, हे बघणं जास्त महत्त्वाचं. दोन रॅकमधली मोकळी फट झाकण्याने जे साधतं ते तापमान उतरवून साधत नाही.

प्रयोगशाळेकडे तर ऊर्जाबचतीच्या मोहिमा फिरकतच नाहीत. विज्ञानाला हात कसा लावायचा, हा संकोच असतो. जीवशास्त्राच्या विभागात उणे ८० अंशांचा फ्रीझर असतो. जुना असेल तर तो दिवसाला सोळा ते वीस युनिट सहज घेतो. महिन्याला सव्वाशे युनिट वापरणारं घर दिवसाला चार युनिट वापरतं. म्हणजे कोपऱ्यातलं ते एक कपाट चार-पाच घरांएवढी वीज घेतं, रविवारी आणि दिवाळीतही. ते बंद करा असं कुणी म्हणणार नाही, आत एखाद्या विद्यार्थिनीच्या चार वर्षांच्या कामाचे नमुने असतात. पण उणे ८० हा आकडा काही निसर्गाने घालून दिलेला नाही. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठासारख्या ठिकाणी बऱ्याच प्रकारचे नमुने उणे ७० अंशांवर ठेवले जातात आणि त्या दहा अंशांत तीसेक टक्के वीज वाचते. कुठले नमुने तसे चालतील हे मार्गदर्शकांनीच ठरवावं. बर्फ खरवडणं, दाराचं रबर बघणं आणि पदवी घेऊन गेलेल्यांच्या बेवारस नळ्या काढून टाकणं, याला मात्र कुणाच्या परवानगीची गरज नसावी.

इथेच एक सावधगिरी. परदेशातल्या विद्यापीठांचा सल्ला जसाच्या तसा उचलू नये. रसायनशास्त्राच्या फ्यूम हूडची काच खाली ओढा, म्हणजे भरपूर ऊर्जा वाचेल, अशी मोहीम हार्वर्डमध्ये गाजली. तिथे ते खरंच आहे, कारण हूड जी हवा बाहेर फेकतो ती खर्च करून तापवलेली किंवा थंड केलेली असते. आपल्याकडे अनेक रसायन प्रयोगशाळा उघड्या खिडक्यांच्या आहेत, तिथे खर्च होतो तो मुख्यतः हूडच्या पंख्याचा. काच खालीच असावी, पण ती आपल्या सुरक्षिततेसाठी.

सौरऊर्जेबद्दल दोन गैरसमज ऐकू येतात. एक म्हणजे, पॅनेल लावली की वीज गेली तरी दिवे चालू राहतील. ग्रिडला जोडलेली साधी सौर यंत्रणा वीज जाताच स्वतःहून बंद होते. वाहिनीवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी तशी योजनाच केलेली असते. दुसरा, उन्हाळा जितका कडक तितकी वीज जास्त. पॅनेलला प्रकाश हवा असतो, ताप नको असतो. २५ अंशांपुढे पॅनेल तापत गेलं की प्रत्येक अंशाला त्याची क्षमता ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते. विदर्भातल्या मे महिन्यात हे चांगलंच जाणवतं, आणि त्यात नोव्हेंबरपासून न पडलेल्या पावसामुळे साठलेली धूळ. तरीही एक किलोवॉट यंत्रणेतून आपल्याकडे दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात आणि विद्यापीठाचा मुख्य वापर दिवसाचाच असल्याने हे गणित छान जुळतं. जुळत नाही ते रात्री दोनच्या भाराशी. छतावर कितीही पॅनेल लावली तरी त्या वेळची वीज बाहेरूनच येते आणि आपल्या ग्रिडवर ती अजून मोठ्या प्रमाणात कोळशाची असते. म्हणून आधी गळती थांबवावी आणि मग उरलेल्या गरजेएवढी पॅनेल मोजावीत. उलट क्रमाने गेलो तर वाया जाणाऱ्या विजेसाठीही पॅनेल विकत घ्यावी लागतात.

वसतिगृहातल्या सौरबंबाचीही अशीच फसगत होते. बंब बसवला म्हणजे विषय संपला असं मानलं जातं. पण पावसाळ्यासाठी दिलेली विजेची कॉइल कुणीतरी जुलैत चालू करतं आणि ती मार्चपर्यंत चालूच राहते. मग रात्रभर वीज पाणी तापवते आणि सकाळी सूर्याला तापवायला काही उरत नाही.

झाडांबद्दल लिहिताना हात अडखळतो, कारण ती मला प्रिय आहेत. नॅक मूल्यांकनाच्या तयारीत हरित लेखापरीक्षण होतं, झाडं मोजली जातात, त्यांना क्यूआर कोडच्या पाट्या लागतात. चांगलंच आहे. पण झाडं लावली म्हणजे विजेची भरपाई झाली, हे खरं नाही. दीड टनी एसी तासाला सरासरी सव्वा युनिट, दिवसाला आठ तास, वर्षाला दोनशे दिवस चालला तर दोन हजार युनिट होतात. एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर चौदाशे किलो. वाढलेलं झाड वर्षाला वीसेक किलो शोषतं असा ढोबळ अंदाज आहे. एका एसीमागे सत्तर झाडं! झाडाचं खरं काम वेगळं आहे. पश्चिमेच्या भिंतीवर त्याची सावली पडली तर मुळात तो एसी लागत नाही. गणेशखिंडीतल्या पुणे विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत शिरून बघा. १८६० च्या दशकात, विजेच्या आधी, बांधायला घेतलेली ती वास्तू. जाड दगडी भिंती, उंच छत, भिंतीला ऊन लागू न देणारे व्हरांडे. त्या शहाणपणाला पाठ फिरवून पश्चिमेला काचेची भिंत उभी करायची आणि समोर वृक्षारोपण करायचं, हे मला मनापासून खुपतं.

कुठल्याही आवारात हे शोधायला महागडा सल्लागार लागत नाही. मे महिन्याच्या सुट्टीतल्या एखाद्या रविवारी, रात्री दोनची नोंद घ्यावी. वर्ग नाहीत, वसतिगृह जवळपास रिकामं. सर्व्हर, फ्रीझर आणि रस्त्यावरचे दिवे यांची बेरीज त्यातून वजा करावी. जो आकडा उरेल तो घेऊन रात्रपाळीच्या रखवालदाराजवळ बसावं. कुठल्या मजल्यावरचा दिवा महिनोन्महिने जळतो आहे, कुठल्या टाकीचा पंप पाणी ओसंडलं तरी थांबत नाही आणि कुठल्या बंद खोलीतून एसीचा आवाज येतो, हे त्याला ठाऊक असतं.