अर्धी बुडालेली माशी

मासा वर येऊन कीटक टिपतो आहे, त्याची पाठ दिसते, तोंड मात्र दिसत नाही. आणि गळावर पिसे बांधून केलेली आपली तरंगती माशी त्याच्या डोक्यावरून निमूटपणे वाहून जाते! युरोपातील नद्यांत ट्राउट व ग्रेलिंग यांच्या मागे लागलेल्यांना हा अनुभव नवा नाही. त्या वेळी मासा खात असतो ते तळातून वर आलेले आणि पाण्याच्या पृष्ठाला अडकून कात टाकीत असलेले कीटक. त्यांना धड पोहता येत नाही, धड उडता येत नाही; याहून सोपे भक्ष्य कोणते?

हॉलंडच्या हान्स व्हान क्लिंकेन यांनी १९८४ मध्ये नॉर्वेतील ग्लोमा नदीवर, ग्रेलिंगसाठी, नेमकी या अवस्थेची माशी सिद्ध केली. वाकड्या गळावर आधी पांढऱ्या तंतूंचा तुरा उभा बांधावा, मग सडपातळ अंग, छातीशी मोरपिसाचे धागे (कृष्णाच्या मुकुटातील पीस तिकडे या कामी येते!) आणि शेवटी तुऱ्याच्या बुडाशी कोंबड्याचे पीस छत्रीसारखे आडवे गुंडाळावे. तुरा आपल्याला दिसावा म्हणून, लोंबते अंग माशाला.

खरी गोम पुढेच आहे. तरंगण्यासाठीचा तेलकट लेप फक्त तुऱ्याला व पिसाला लावावा. अंगालाही फासला, की सारी माशी वर तरंगते आणि बेत फसतो. आम्ही तर म्हणू, अंग आधी ओलेच करून घ्यावे. ग्रेलिंग तळाजवळून वर येतो; म्हणून माशी त्याच्या बरीच वर, प्रवाहाच्या बाजूस टाकावी आणि दोरीचा ताण न पडता वाहू द्यावी. तुरा दिसेनासा झाला, की काठी हळूच उचलावी.