नवी मोटारसायकल

दसऱ्याच्या दिवशी कल्याण-मुरबाड रस्त्याच्या कडेला घटकाभर उभे राहून पाहावे. झेंडूच्या माळा घातलेल्या नव्या मोटारसायकली एकामागून एक जाताना दिसतात. कुणी टिटवाळ्याच्या गणपतीला गाडी दाखवून आणतो. कुणी दारातच चाकाखाली लिंबू ठेवतो आणि नारळ फोडतो. आई गाडीला हळदकुंकू लावते. शेजारची पोरे "एक फेरी, एकच फेरी" म्हणून मागे लागतात. ज्याची गाडी असते, त्याला त्या रात्री धड झोप येत नाही. दोनदा उठून तो अंगणात गाडी पाहून येतो.

या आनंदाला कुणी हसू नये. ठाण्याला रेल्वे १८५३ साली आली आणि कल्याणला १८५४ साली. पण स्टेशनापासून वीस किलोमीटर आत असलेल्या गावाला तिचा उपयोग किती? सकाळची एसटी चुकली, की डोंबिवलीच्या कारखान्यात खाडा पडायचा. दुसरी पाळी उशिरा सुटली, की फलाटावर उजाडेपर्यंत बसायचे. एन्फिल्डचा कारखाना १९५५ साली मद्रासला निघाला. पुढे जावा आली, राजदूत आली. पण तेव्हा अशी गाडी गावात एखाद्याच्याच दारी असे. १९८५ साली हिरो होंडाची छोटी गाडी आली. ती पेट्रोल कमी खाई. हळूहळू हप्त्याने गाड्या मिळू लागल्या, आणि कामकरी माणसाच्या अंगणातही मोटारसायकल उभी राहिली. आपल्या वेळेला आपण निघायचे, हे सुख मोठे आहे.

आता ही गाडी चालते कशी, ते पाहू. टाकीतले पेट्रोल हवेत मिसळून इंजिनातल्या नळकांड्यात जाते. तिथे एक दट्ट्या वरखाली होत असतो. त्याला पिस्टन म्हणतात. दट्ट्या हे मिश्रण ओढून घेतो आणि दाबतो. तेवढ्यात प्लगची ठिणगी पडते. भडका उडतो आणि दट्ट्या जोराने खाली ढकलला जातो. पुन्हा वर येताना तो जळका धूर बाहेर घालवतो. गाडी रस्त्यावर धावत असते, तेव्हा दट्ट्या मिनिटाला हजारो वेळा वरखाली होतो. त्याचा जोर गिअरमधून साखळीला आणि साखळीतून मागच्या चाकाला मिळतो.

डाव्या हाताला क्लच असतो. बैल जुवातून सोडला, की बैल मोकळा होतो आणि गाडी जागच्या जागी राहते. क्लच दाबला, की इंजिन असेच मोकळे होते. क्लच सोडला, की पुन्हा जुंपले जाते. नवखा माणूस क्लच एकदम सोडून देतो. मग गाडी गचका खाऊन बंद पडते, नाहीतर पुढे उडी मारते. क्लच हळूहळू सोडायचा असतो.

उजव्या मुठीत वेग असतो. मूठ आपल्याकडे पिळली, की गाडी पळते. इथेच नव्या माणसाची फसगत होते. समोर कुत्रे आडवे आले, की माणूस दचकतो. दचकला, की हात आवळतो. अंग मागे जाते, त्याबरोबर मूठ आणखी पिळली जाते. म्हणजे थांबायला हवे, नेमकी तेव्हा गाडी जोरात सुटते. असे झाले, तर पहिल्यांदा क्लच दाबावा. इंजिनाचा जोर चाकाकडे जायचा बंद होतो. मग मूठ सैल करून ब्रेक लावावा. ही सवय हाताला लागेपर्यंत मोठ्या रस्त्यावर जाऊ नये. कापणी झालेल्या माळावर आठ दिवस शिकावे. चार माणसे हसतील. हसू द्यावे.

गाडी पळवणे सोपे आहे. अवघड आहे ते थांबवणे. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते. ११ मीटर म्हणजे चांगली अकरा मोठी पावले. समोर म्हैस दिसली, डोळ्याने मनाला सांगितले, मनाने हाताला सांगितले, यात सेकंद जातोच. म्हणजे ब्रेक लागण्याच्या आधीच अकरा पावले संपली. मग ब्रेक लागल्यावर कोरड्या, चांगल्या रस्त्यावर आणखी साधारण १० मीटर जातात. एकूण २१ झाले. आता वेग ८० करा. वेग दुप्पट झाला, म्हणजे थांबायला जागाही दुप्पट लागेल, असे वाटते ना? तसे होत नाही. ब्रेक लागल्यानंतरचे अंतर चौपट होते. एकूण ६० मीटरच्याही वर जागा लागते. हे ओल्या रस्त्याचे नव्हे, कोरड्या रस्त्याचे बोलतो आहोत.

पुढच्या ब्रेकची पुष्कळांना भीती वाटते. "पुढचा दाबला की माणूस डोक्यावर पडतो," असे गावात सांगतात. खरे तर गाडी थांबताना बरेचसे वजन पुढच्या चाकावर येते. म्हणून थांबवण्याचे जास्त काम पुढचाच ब्रेक करतो. दोन्ही ब्रेक बरोबर लावावेत. मात्र झटका देऊ नये, दाब वाढवत न्यावा. खडी असेल, चिखल असेल किंवा गाडी वळणावर असेल, तर आधीच वेग कमी करावा.

आपल्याकडचा पाऊस तर सर्वांना ठाऊकच आहे. पहिल्या सरीचा रस्ता सर्वांत निसरडा असतो. आठ महिन्यांची धूळ आणि गाड्यांचे सांडलेले तेल पाण्यात मिसळते. भातलावणीच्या दिवसांत ट्रॅक्टर शेतातला चिखल रस्त्यावर आणतात. पाण्याने भरलेला खड्डा वीतभर आहे की हातभर, ते वरून कळत नाही. पावसाळ्यात नव्या माणसाने अंधार पडण्याच्या आत घरी यावे.

कल्याण-शिळ रस्त्यावर आणि भिवंडीच्या गोदामांकडे मोठमोठे कंटेनर चालतात. त्यांच्या अगदी जवळून जाऊ नये. एक खूण लक्षात ठेवावी. तुम्हाला ड्रायव्हरचा चेहरा त्याच्या आरशात दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. लांब गाडी डावीकडे वळते, तेव्हा तिची मागची चाके पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत. ती आतून, कडेला घासून जातात. त्या सापटीत मोटारसायकल घालणारा चिरडला जातो. मागे थांबण्यात दोन मिनिटे जातात, तेवढेच.

मागे घरची मंडळी बसतात, त्यांचेही पाहायला हवे. साडीचा पदर किंवा ओढणी मागच्या चाकात गेली, की बसलेली बाई क्षणात खाली ओढली जाते. म्हणून चाकाला जाळी असते. ती काढून टाकू नये. पदर खोचूनच बसावे. हेल्मेट दोघांनीही घालावे, कायदाही तेच सांगतो. हेल्मेटवर आयएसआयचा शिक्का पाहावा आणि हनुवटीखालचा पट्टा लावावा. पट्टा न लावलेले हेल्मेट पडताना डोक्याच्या आधीच निघून जाते.

परवान्याचे काम साधे आहे. आधी शिकाऊ परवाना काढायचा. तो सहा महिने चालतो. निदान ३० दिवसांनी पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. शिकाऊ माणसाने मागे दोस्ताला बसवून फिरायचे नसते. अठरा वर्षांच्या आतल्या मुलाच्या हाती गाडी दिली आणि त्याच्याकडून गुन्हा घडला, तर २०१९ पासून पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. "एकच फेरी" म्हणणाऱ्या पोरांना हे जरूर सांगावे.

ठाण्याच्या गाड्यांचा नंबर एमएच ०४ ने सुरू होतो, कल्याणच्या एमएच ०५ ने. काही हौशी लोक ४१४१ हे आकडे वळवून "दादा" असे लिहून घेतात. पोलीसदादा मात्र त्याची पावती फाडतात.

गाडी हप्त्याने घेतली असेल, तर नोंदणीच्या कागदावर बँकेचे किंवा फायनान्स कंपनीचे नाव असते. शेवटचा हप्ता फिटला, की बहुतेकजण पेढे वाटतात आणि कागद पेटीत टाकतात. त्याऐवजी कर्ज फिटल्याचे पत्र मागून घ्यावे आणि आरटीओ कचेरीत ते नाव कमी करून आणावे. ते नाव तसेच राहिले, तर पुढे गाडी विकताना खोळंबा होतो.