हिंदी कादंबरी... व्हाया लंडन!

एअरपोर्टवरच्या बुकशॉपमध्ये 'टूम्ब ऑफ सँड' हे जाडजूड पुस्तक तुम्ही नक्की पाहिलं असेल. कदाचित विकतही घेतलं असेल. पण ज्या हिंदी कादंबरीचा हा अनुवाद आहे ती 'रेत समाधि' किती जणांनी हातात घेतली? लिपी आपलीच, भाषाही रोजच्या कानावरची. तरीही आपल्यापैकी बहुतेकांना हे पुस्तक कळलं ते लंडनहून!

गीतांजली श्री काही एका रात्रीत लेखिका झाल्या नाहीत. त्यांची पहिली कादंबरी 'माई' आली १९९३ मध्ये. 'रेत समाधि' राजकमल प्रकाशनाने २०१८ मध्ये काढली. नवरा गेल्यावर भिंतीकडे तोंड करून पडून राहिलेली ऐंशी वर्षांची आजी एक दिवस उठते आणि थेट पाकिस्तानात जायचा हट्ट धरते, अशी ही गोष्ट. हिंदीच्या वर्तुळात तिची चर्चा झाली, पण बाहेर फारशी नाही.

आधी फ्रेंच, मग इंग्लिश

गंमत म्हणजे पुस्तक इंग्लिशच्या आधी फ्रेंचमध्ये गेलं. आनी माँतो यांचा फ्रेंच अनुवाद २०२० मध्ये आला. त्यांनी 'रेत समाधि' हे हिंदी नाव तसंच ठेवलं. २०२१ मध्ये ब्रिटनच्या टिल्टेड अॅक्सिस या छोट्या प्रकाशनाने डेझी रॉकवेल यांचा इंग्लिश अनुवाद काढला.

डेझी राहतात अमेरिकेतल्या व्हर्माँटमध्ये. त्या चित्रकारही आहेत. भीष्म साहनींची 'तमस' त्यांनी आधीच इंग्लिशमध्ये नेली होती. पण इथे मामला अवघड होता, कारण ही कादंबरी शब्दांशी सतत खेळते. सुरुवातीलाच आजीचं 'नहीं, नहीं' हळूहळू घासत 'नई' होतं. उठणार नाही म्हणणारी बाई नवी होऊन उठणार, हे त्या एका शब्दात कळतं. डेझींनी इंग्लिशमध्ये 'नो'चं 'न्यू' केलं. शब्द बदलला, खेळ मात्र टिकला! 'समाधि'चं तसं जमणं कठीण. त्यात ध्यानही आहे आणि थडगंही. इंग्लिश नावात फक्त थडगं उरलं.

दोघींच्या शंका-कुशंका ई-मेलवरूनच चालायच्या. प्रत्यक्ष भेट झाली ती थेट लंडनला, बुकरच्या वेळी.

निम्मं-निम्मं

२६ मे २०२२ ला इंटरनॅशनल बुकर जाहीर झालं. भारतीय भाषेतल्या पुस्तकाला हा मान पहिल्यांदाच मिळत होता. गीतांजली तेव्हा चौसष्ट वर्षांच्या होत्या. बक्षीस ५० हजार पौंड, आणि ते लेखिका व अनुवादिका यांच्यात सारखं वाटलेलं. नियमच तसा आहे. आपल्याकडे अनुवादकाचं नाव कित्येकदा आतल्या पानावर बारीक अक्षरात सापडतं, हे आठवलं की या नियमाची किंमत कळते.

पण दुसरा नियमही लक्षात घ्या. या पुरस्काराला इंग्लिश अनुवाद लागतो आणि तो ब्रिटन किंवा आयर्लंडमध्ये प्रसिद्ध झालेला लागतो. म्हणजे डेझी भेटल्या नसत्या तर हीच कादंबरी, याच शब्दांत, स्पर्धेत उतरलीच नसती!

फेस्टिव्हल आणि आग्रा

पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत आहेच. मुलाखती, सत्कार, फोटो. २०२३ च्या जयपूर लिटरेचर फेस्टिव्हललाही गीतांजली होत्या. पण मधे एक वेगळाच अनुभव आला. जुलै २०२२ मध्ये आग्र्याला त्यांचा सत्कार ठरला होता. कादंबरीत देवांचं आक्षेपार्ह वर्णन आहे अशी तक्रार झाली आणि आयोजकांनी कार्यक्रमच रद्द केला. पुस्तक चार वर्षं हिंदीत उपलब्ध होतं, तेव्हा असं काही गाजलं नव्हतं. लंडनचा शिक्का बसल्यावर टाळ्या आल्या आणि तक्रारीही आल्या.

२०२५ मध्ये बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांना हेच बक्षीस मिळालं. 'हार्ट लॅम्प' हा तो संग्रह, दीपा भास्ती यांनी अनुवादित केलेला. पुन्हा आपण धावत जाऊन इंग्लिश पुस्तक घेतलं. कन्नड वाचता येत नाही, तेव्हा ते ठीकच. अनुवाद असतात ते त्यासाठीच.

पण हिंदीचं काय? त्यासाठी ना डिक्शनरी लागते ना क्लास. या वीकेंडला 'रेत समाधि'ची पहिली दहा पानं मुळातून वाचून बघा. काही शब्द अडतील, अडू देत. ते 'नहीं'चं 'नई' होताना स्वतःच्या कानांनी ऐकाल, आणि हे बक्षीस कशाला मिळालं ते कुणी सांगायची गरज उरणार नाही. आणि हो, इंग्लिश प्रत घरात असेल तर ती शेजारी उघडी ठेवा. डेझींनी किती मेहनत घेतली तेही कळेल!