मिनिटांचा हिशेब

मॅरेथॉन संपल्यानंतरचा सोमवार हा धावणाऱ्याच्या आयुष्यातील मोठा चमत्कारिक दिवस असतो. धंतोलीतील एखादा शिक्षक किंवा कारकून त्या दिवशी जिन्याचा कठडा धरून पायऱ्या उतरतो, खुर्चीवरून उठताना नकळत मांडीवर हात ठेवतो, आणि भेटेल तो त्याला एकच प्रश्न विचारतो: ‘‘किती वेळ लागला?’’ बेचाळीस किलोमीटर धावल्याचे कौतुक मागे पडते आणि घड्याळातला आकडा तेवढा पुढे येतो. विचारणाऱ्याचे समाधान होते. धावणाऱ्याच्या मनात मात्र तेव्हाच दुसरा प्रश्न रुजतो. पुढच्या वर्षी हा आकडा किती खाली आणता येईल?

ही आकांक्षा क्षुद्र मानण्याचे कारण नाही. मध्यमवर्गीय माणसाच्या आयुष्यातील बहुतेक मोजमापे इतरांच्या हाती असतात. पदोन्नती वरिष्ठ ठरवितात, गुण परीक्षक देतात. घड्याळापाशी मात्र वशिला चालत नाही. चाळिशी ओलांडलेल्या गृहस्थाला स्वतःच्या प्रगतीचा एवढा निर्विवाद पुरावा अन्यत्र क्वचितच मिळतो. परंतु प्रत्येक मिनिटाला किंमत असते, आणि ती सर्वांना सारखी पडत नाही.

अर्थशास्त्रातील घटत्या फलाचा नियम येथे जसाच्या तसा लागू पडतो. पाच तासांत शर्यत पूर्ण करणारा मनुष्य नियमित सरावाने अर्धा तास वाचवू शकतो. त्यासाठी त्याला किलोमीटरमागे सुमारे ४३ सेकंद कमी करावे लागतात. तीन तास दहा मिनिटांवर पोचलेल्यास आणखी पाच मिनिटे हवी असतील, तर किलोमीटरमागे अवघे सातच सेकंद कमी करावयाचे असतात. पण त्या सात सेकंदांसाठी कदाचित संपूर्ण वर्ष द्यावे लागते. पहिल्याची मिनिटे आळसातून निघतात. दुसऱ्याची झोपेतून, संसारातून आणि गुडघ्यांतून वसूल होतात.

शरीराचा ताळेबंदही विचारात घेतला पाहिजे. पासष्ट किलो वजनाच्या माणसाला एक किलोमीटर धावण्यास साधारण तितकेच उष्मांक लागतात. म्हणजे संपूर्ण मॅरेथॉनला सुमारे २७०० उष्मांकांचा खर्च आहे. स्नायूंत व यकृतात ग्लायकोजेनच्या रूपाने साठविलेली शिल्लक मात्र फार तर २००० उष्मांकांच्या आसपास असते. उरलेली तूट बव्हंशी चरबीतून भरून निघते. पण ती ऊर्जा मंद गतीने उपलब्ध होते. वेग जितका अधिक, तितकी ग्लायकोजेनची उचल अधिक. सकाळच्या गारव्यात, बँडच्या गजरात, सोबत्यांच्या नादाने जो पहिले दहा किलोमीटर उधळतो, तो तिसाव्या किलोमीटरनंतर दिवाळखोर होतो. दोष शेवटच्या बारा किलोमीटरांना दिला जातो. चूक पहिल्या दहांत झालेली असते.

शर्यतीच्या दिवशी मिनिटे कमावता येत नाहीत, फक्त गमावता येतात. कमाई आधीच्या कित्येक महिन्यांत झालेली असावी लागते. तीही बरीचशी सावकाश धावून होते, हे नवख्यास पटत नाही. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड आपल्या धावपटूंकडून मैलोगणती लांब पल्ल्याचा सराव करून घेत. त्यांचा शिष्य पीटर स्नेल याने १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळविले, ते अवघ्या ८०० मीटरच्या शर्यतीत. दररोज उर फुटेस्तोवर पळणे हा वेगाचा मार्ग नव्हे, हा धडा तेव्हापासून जगापुढे आहे.

कित्येकदा वेगाचा मार्ग अंतर बदलण्यातूनही जातो. सातारा जिल्ह्यातील माण तालुक्याच्या ललिता बाबर यांनी मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांतील पहिला क्रमांक २०१२ पासून सलग तीन वेळा पटकाविला. त्यानंतर त्या तीन हजार मीटर स्टीपलचेसकडे वळल्या आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी गाठून दहाव्या आल्या. पदरी पडलेले यश बाजूस ठेवून नवा पल्ला निवडण्यास धैर्य लागते, आणि त्याहून अधिक लागते ते जाणते मार्गदर्शन.

येथे हा हिशेब व्यक्तीचा उरत नाही, समाजाचा होतो. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी धावणारे शेतकरी तरुण पाहून सर दोराबजी टाटा प्रभावित झाले आणि त्यांच्या पुढाकाराने १९२० मध्ये एक छोटे पथक अँटवर्प ऑलिंपिकला गेले. त्यातील बेळगावचे फडेप्पा चौगुले यांनी मॅरेथॉन २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पूर्ण करून एकोणिसावा क्रमांक मिळविला. त्या वर्षीचा मार्ग आजच्या प्रमाणित अंतराहून अर्धा किलोमीटर अधिक लांब होता. विजेता फिनलंडचा हानेस कोलेहमाइनेन त्यांच्या अठरा मिनिटे पुढे होता. ती अठरा मिनिटे केवळ पायांतील नव्हती. आहार, प्रशिक्षण व अनुभव यांचाही त्यांत वाटा असलाच पाहिजे. पुढे शिवनाथ सिंग यांनी १९७८ साली जालंधर येथे २ तास १२ मिनिटांची वेळ नोंदविली. एक्केचाळीस वर्षांनी, २०१९ साली, टी. गोपी सेव्हिल येथे धावले, तेव्हा त्यांनाही २ तास १३ मिनिटे ३९ सेकंद लागले. एवढ्या अवधीत शर्यती वाढल्या, बूट सुधारले, घड्याळे मनगटावर नाडी मोजू लागली. तो आकडा मात्र हलला नाही.

उलट उदाहरण बीड जिल्ह्यातील मांडव्याच्या अविनाश साबळे यांचे. सैन्यात दाखल झाल्यावर त्यांना नियमित सराव, आहार व प्रशिक्षक लाभले. २०२० साली दिल्लीत अर्धमॅरेथॉन एक तास तीस सेकंदांत पूर्ण करून त्यांनी राष्ट्रीय विक्रम केला आणि २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसचे रौप्यपदक मिळविले. मुलाचे पाय गावाने दिले; मिनिटे कमी करण्याची सोय सैन्याने केली. प्रत्येक गुणी मुलाने त्यासाठी सैन्याचीच वाट पाहावी काय?

धंतोलीपुरते बोलावयाचे, तर येथील यशवंत स्टेडियमचे नाव खेळाइतकेच सभांसाठी आणि हिवाळी अधिवेशनातील मोर्चांसाठी ऐकू येत आले आहे. सभा आणि मोर्चे लोकशाहीला हवेतच. परंतु शहरातील मोकळ्या जागेवर धावणाऱ्या मुलाचा दररोज पहाटे एक तासाचा हक्क आहे, ही गोष्ट कोणाच्या नियोजनात असते? विदर्भात उन्हाळा लांबतो. मे महिन्यात सकाळी आठलाच ऊन पोळू लागते. धावण्यास योग्य असा वेळ मुळात थोडा, त्यात जागाही थोडी. वर्षातून एका रविवारी रस्ते बंद करून हजारोंना पळविणे सोपे आहे, कारण त्याचे छायाचित्र छापून येते. उरलेल्या पहाटे सपाट माती, चालू स्थितीतला नळ, मुलींना निर्धास्तपणे धावता येईल इतका उजेड आणि एक जाणता प्रशिक्षक पुरविणे अवघड आहे, कारण त्याचा समारंभ होत नाही.

आणि मिनिटे तर त्याच पहाटे कमी होतात. सोमवारी कठडा धरून उतरणाऱ्या शिक्षकाला हे आता पायांनी कळलेले असते. आठवडाभर विश्रांती घेऊन तो पुन्हा बाहेर पडेल, आणि शहाणा असेल तर सावकाश धावेल. त्याच्या वर्गातील एखादा चपळ मुलगा किंवा मुलगी त्याच्या सोबत निघाली, तर तिला धावण्यास जागा कोठे आहे, हा प्रश्न त्याने स्वतःच्या आकड्याआधी नगरपित्यांना विचारावा.