आभार कुठे संपतात, जाहिरात कुठे सुरू होते?

पेडणे तालुक्यातील धारगळ येथील अखिल भारतीय आयुर्वेद संस्था आणि मोपा विमानतळ यांचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ या एकाच दिवशी झाले. हरमल, मांद्रे, मोरजीच्या किनाऱ्यावर योगवर्ग त्याआधीपासूनच भरत होते. शेजारच्या डिचोलीत २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी थांबल्या, तेव्हा खनिजवाहू ट्रकांवर अवलंबून असलेल्या कुटुंबांना उपजीविकेचे दुसरे मार्ग शोधावे लागले. या पट्ट्यात योगवर्ग, अभ्यंग किंवा आहारविषयक मार्गदर्शन यांसारखा ‘वेलनेस’ व्यवसाय उभारू पाहणाऱ्यांसमोर आज संधी आहे आणि जबाबदारीही.

असा व्यवसाय एकट्याच्या बळावर क्वचितच उभा राहतो. पहिली खोली बहुधा घरातलीच असते, किंवा एखाद्या नातेवाइकाने भाड्याची घाई न करता दिलेली. भांडवलात घरच्यांची बचत असते, कधी सोनेतारण कर्ज असते. पहिले ग्राहक ओळखीतून येतात आणि त्यांच्याच तोंडून नाव वाड्यावाड्यांत पोहोचते. त्यामुळे वर्षपूर्तीला किंवा दसऱ्याच्या पूजेला या सर्वांचे आभार मानावेसे वाटणे स्वाभाविक आहे.

गोव्यात आभार मानताना ‘देव बरें करूं’ म्हणतात. या तीन शब्दांत समोरच्याचे कल्याण चिंतलेले असते. बोलणारा स्वतःसाठी काहीच मागत नाही. व्यवसायातील कृतज्ञतेलाही हीच कसोटी लावता येते. आभाराच्या मजकुरातून लाभ कोणाला होतो, हा खरा प्रश्न आहे.

कायदा काय सांगतो?

‘अमुक ताईंचा मधुमेह आमच्या काढ्याने बरा झाला, त्यांनी ठेवलेल्या विश्वासाबद्दल आभार’ हे वाक्य वरकरणी नम्र आहे. परिणामाने मात्र ती जाहिरात ठरते. औषधे आणि चमत्कारी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४ नुसार मधुमेह, कर्करोग, रक्तदाब, लठ्ठपणा अशा सूचीतील विकारांवर औषध गुणकारी असल्याची जाहिरात करण्यास मनाई आहे. मजकूर आभाराच्या स्वरूपात लिहिल्याने ही मनाई टळत नाही.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दहा लाख रुपयांपर्यंत, तर पुन्हा तसे घडल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये जाहीर केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, शिफारस करणारी व्यक्ती आणि व्यावसायिक यांच्यात शिफारशीच्या विश्वासार्हतेवर परिणाम करू शकणारे आणि ग्राहकाला सहसा अपेक्षित नसलेले संबंध असतील, तर ते उघड करणे आवश्यक आहे. मोफत उपचार घेऊन स्तुती करणाऱ्या परिचिताचे कौतुक म्हणूनच ‘समाधानी ग्राहक’ एवढ्याच नावाने छापू नये.

यात खासगीपणाचाही प्रश्न आहे. आजार ही व्यक्तीची खासगी बाब आहे. लहान गावात नाव न देता केवळ वाडा आणि वय लिहिले, तरी माणूस ओळखू येतो. ग्राहकाचे छायाचित्र, नाव किंवा अनुभव प्रसिद्ध करण्यापूर्वी स्पष्ट संमती घ्यावी आणि नकार दिल्यास सेवेत फरक पडणार नाही, हेही सांगावे.

मग आभार कसे मानावेत?

जागा देणाऱ्याला ठरल्या तारखेला भाडे आणि कर्ज देणाऱ्याला वेळेवर हप्ता, ही कृतज्ञतेची पहिली पावती. प्रशिक्षकाचे नाव फलकावर लिहावे, पण त्याच्या पदवीचा आधार घेऊन आपली पात्रता वाढवून सांगू नये. मालीश करणाऱ्या, स्वच्छता राखणाऱ्या कर्मचाऱ्यांना जाहीर कौतुकाबरोबर योग्य वेतन आणि साप्ताहिक सुट्टी द्यावी. पर्यटकांचा हंगाम साधारण ऑक्टोबरपासून सुरू होतो. पावसाळ्यात केंद्राला स्थानिकांचाच आधार असतो. हंगामात वाढलेल्या दरांमुळे तेच ग्राहक बाहेर फेकले जाणार नाहीत, अशी व्यवस्था केली तर तीही ऋणाची परतफेड ठरते.

एखाद्या ग्राहकाची तक्रार आपल्या कक्षेबाहेरची आहे असे दिसताच त्याला डॉक्टरांकडे पाठवावे. त्या दिवसाची कमाई बुडेल. पण सुरुवातीच्या काळात ज्यांनी विश्वास टाकला, त्यांचे आभार मानण्याचा याहून प्रामाणिक मार्ग या व्यवसायात नाही.