ढाळ बघून घ्यावा

मुलं बघतात पाणी कुठून उडतंय ते. मी बघतो ते जातंय कुठे. मुंबईच्या पाणी खात्यात एकतीस वर्षं काढल्याची ही खोड. त्यामुळे जूनमध्ये न्यूयॉर्कला लेकीकडे आलो आणि "बाबा, दुपारी ह्याला स्प्रिंकलरला न्याल का?" म्हणून तिने चार वर्षांचा नातू माझ्या हवाली केला, तेव्हा बदली झाली तरी खातं तेच राहिल्यासारखं वाटलं.

स्प्लॅश पॅड हे त्याचं एक नाव. लेकीच्या जॅक्सन हाइट्स वस्तीतले आईबाप नुसतं 'स्प्रिंकलर' म्हणतात. सिमेंटची किंवा रबराची जमीन, तिच्यातून नाहीतर खांबांतून उडणारं पाणी, आणि पडलेलं सगळं पाणी जाळीत. घोट्याएवढंही साचत नाही, म्हणून बुडायची धास्ती नाही आणि जीवरक्षकही लागत नाही. पोहण्याच्या तलावांची गोष्ट वेगळी. 1936 च्या एका उन्हाळ्यात ह्या शहराने अकरा अवाढव्य सार्वजनिक तलाव उघडले. आजही शहराच्या तलावांत फुकट पोहता येतं. पण अंगात पोहण्याचाच पोशाख हवा, वर शर्ट घालायचा तर तो पांढरा हवा आणि कपाटाचं कुलूप घरून न्यायला हवं. चार वर्षांच्या पोराला घेऊन हे सगळं जुळवेपर्यंत ऊन उतरतं. स्प्रिंकलरला तो आहे तसा सोडता येतो.

फक्त पाणी चालू असायला हवं. मे महिन्याच्या शेवटी हंगाम सुरू होतो आणि पारा 80 फॅरनहाइटच्या वर गेला की साधारणपणे पाणी सोडतात. आपल्या हिशेबात 27 अंश. 27 ला आम्ही पंखा एकवर ठेवतो.

पहिल्या आठवड्यात तीन मैदानं पाहिली, तिन्ही नापास केली. पहिल्या ठिकाणी पाणीच नव्हतं. बटण दाबून दाबून नातवाचा तळहात लाल झाला. दुसऱ्या ठिकाणी पाणी होतं, पण भोवती काळं रबर. पडलं तर लागू नये म्हणून घातलेलं ते रबर उन्हात तव्यासारखं तापतं. कारंज्यात थंडगार झालेली पोरं बाहेर आली की टणाटण उड्या मारत बाकापर्यंत पळत होती. तिसऱ्या ठिकाणी जाळीत पाणफुग्यांच्या चिंध्या अडकून अर्ध्या चौकात तळं साचलेलं. नातू खूश, सगळीच पोरं खूश. मी मात्र त्याला बखोटीला धरून बाहेर काढला. तो रडला. बाकावरच्या बायका माझ्याकडे कसाबाकडे बघावं तसं बघत होत्या.

मग मी माझी पद्धत बसवली. आत गेल्यावर आधी चप्पल काढायची आणि अनवाणी एक फेरी मारायची. तापलेली जागा, घसरडी जागा, कुठे निसटलेला खिळा, सगळं पायाला कळतं. मग ढाळ बघायचा. आपल्याकडे मोरीची फरशी बसली की जाणती बाई गवंड्यासमोर बादलीभर पाणी ओतते आणि ते नहाणी ट्रॅपकडे वळलं तरच पैसे देते. इथे बादली नव्हती, पण पाणी चालूच होतं. पान टाकायचं आणि ते किती वेळात जाळीपाशी पोहोचतं ते बघायचं. रेंगाळलं तर तिथे शेवाळ धरणार आणि पोरगं आपटणार. खांबातून पाणी किती उंच उडतं ह्यावर आईबाप मैदानाचा दर्जा ठरवतात. माझ्या मते ते शेवटी बघायचं. त्याआधी कुंपणाला फाटक एकच आहे ना, तीननंतर बाकावर सावली येते ना, शौचालयाला कुलूप तर नाही ना.

फाटकाबाहेर आईस्क्रीमची गाडी तेच ते सूर वाजवत उभी असते, तिच्यापुढे इलाज नाही. शेजारी बायका काडीवर आंबा फुलासारखा कापून, वर तिखट भुरभुरून, लिंबू पिळून विकतात. आंबा म्हणून मी त्याबद्दल काही बोलत नाही. कैरी समजून खाल्ला तर चांगला लागतो.

दूरचीही ठिकाणं पाहिली. बाबागाडी असली की भुयारी रेल्वेच्या नकाशावर आधी व्हीलचेअरची खूण शोधायची, कारण कितीतरी स्थानकांना लिफ्टच नाही. आम्ही दोनदा चुकलो आणि गाडी उचलून वर आलो. सेंट्रल पार्कमधलं हेक्शर हे त्या उद्यानातलं सर्वांत जुनं क्रीडांगण, 1926 सालचं. तिथे एका भल्यामोठ्या काळ्या खडकाच्या शेजारी पाणी खेळतं आणि पोरं ओल्या अंगाने खडकावर चढायला बघतात. माझा जीव दोन तास टांगणीला. ब्रुकलिनच्या प्रॉस्पेक्ट पार्कमध्ये हिवाळ्यात बर्फावर स्केटिंग करायचं रिंगण उन्हाळ्यात स्प्रिंकलर होतं. पण मला खरा गवसला तो ईस्ट नदीकाठचा सहा नंबरचा धक्का. तिथल्या पाण्याच्या क्रीडांगणात आर्किमिडीजचा स्क्रू बसवलाय. पोरांनी दांडा फिरवायचा, खालचं पाणी आट्यांतून वर चढतं. चढलेलं पाणी वाहतं, ते फळी लावून अडवायचं, तुंबलं की सोडायचं. नातू पाऊण तास बांध घालत बसला. मी त्याला एकदाही हाक मारली नाही.

एवढं सगळं पाणी जातं कुठे, हा प्रश्न मात्र मला सोडेना. न्यूयॉर्कच्या बहुतेक स्प्रिंकलरमधलं पाणी म्हणजे नळाचं, पिण्याचं पाणी. एकदा अंगावरून गेलं की थेट गटारात. उत्तरेच्या डोंगरांतून, पार 200 किलोमीटरवरून ते जवळजवळ सगळं उतारानेच शहरात येतं. आपल्या तानसाचं पाणी 1892 पासून मुंबईत येतंय, त्याच गुरुत्वाकर्षणाच्या जोरावर. एवढ्या लांबून आणलेलं पाणी नाचणाऱ्या पोरांच्या पायांखालून घालवायचं? पहिले काही दिवस मी मनातल्या मनात लिटर मोजत होतो.

तेच पाणी गाळून पुन्हा फिरवायचा मार्ग आहे, पण त्यात मेख आहे. 2005 मध्ये ह्याच राज्यातल्या सेनेका तलावाकाठच्या स्प्रिंकलरमध्ये फिरवलेल्या पाण्यातून क्रिप्टोस्पोरिडियम पसरला आणि हजारो माणसं जुलाबांनी आजारी पडली. हा जंतू क्लोरीनला दाद देत नाही, क्लोरीन मिसळलेल्या पाण्यातही दिवसच्या दिवस तगतो. त्यानंतर राज्याने अशा ठिकाणी अतिनील किरणांची सक्ती केली. म्हणून पाणी फिरवायचं तर यंत्रणा हवी, तिच्यावर रोज नजर ठेवणारा माणूस हवा; नाहीतर पाणी सोडून द्यावं. ह्या शहराने बऱ्याच ठिकाणी मधला मार्ग काढलाय तो बटणाचा. दाबलं की काही मिनिटं पाणी, मग बंद.

ह्या बटणाने भलतीच मजा केली. पाणी थांबलं की सगळा चौक गप्प होतो. कुणीतरी खांबाकडे धावतं, दोन क्षण सगळ्यांचे डोळे जमिनीतल्या भोकांवर. मी नातवाला एकच गोष्ट शिकवली: पहिला थेंब दिसताच ओरडायचं, "पाणी आलं!" चौथ्या दिवशी बंगाली, कोलंबियन, तिबेटी, सगळी पोरं "पानी आलाऽऽ" करत होती. एका आजोबांनी मला हळूच विचारलं, हे नेपाळी आहे का.

स्प्रिंकलरच्या आधी इथली पोरं रस्त्यावरच्या आगीच्या बंबाच्या नळाखाली नाचायची, आजही नाचतात. त्या नळाला इथे 'जॉनी पंप' म्हणतात. तो नुसता उघडला तर मिनिटाला हजार गॅलनहून जास्त, म्हणजे 3,800 लिटरच्या घरात पाणी जातं. तीन मिनिटांत आपला दहा हजारी टँकर रिकामा. धारेने पोरगं रस्त्यावर फेकलं जाऊ शकतं, आणि गल्लीत आग लागली तर दाब उरत नाही. पण कुणीही सज्ञान माणूस अग्निशमन केंद्रात जाऊन फवाऱ्याची टोपी मागू शकतो. ती लावली की मिनिटाला 20 ते 25 गॅलन. पैसे नाहीत, जवान स्वतः येऊन बसवून देतात. आमच्या मागच्या गल्लीत ती लागलेली पाहिली आणि काढून बघायची अनावर इच्छा झाली. लेकीने दंडाला धरलं.

आता एवढंच बघायचं राहिलं होतं की सकाळी पाणी सोडतो कोण. आमच्याकडे चावीवाला असतो. लांब दांड्याची चावी खांद्यावर टाकून पहाटे गल्लोगल्ली फिरतो, आणि सबंध वस्तीचा दिवस त्याच्या मनगटावर सुरू होतो. जुलैत एकदा घरचे उठायच्या आधी एकटाच घराजवळच्या मैदानावर गेलो. फाटकावर पाटी: लहान मूल सोबत असल्याशिवाय मोठ्यांना प्रवेश नाही. हिरवा टी-शर्ट घातलेला, माझ्याच वयाकडे झुकलेला एक कर्मचारी आत झाडत होता. त्याने माझ्या मागे पुढे पाहिलं.

"मूल कुठाय?"

"झोपलंय अजून."

"मग बाहेरूनच बघा," तो म्हणाला.

कुंपणाच्या जाळीला नाक लावून उभा राहिलो. त्याने गटाराची जाळी उचलली, हातमोजे घालून आतलं काढलं: केसांची रबरं, फुग्यांच्या चिंध्या, एक छोटा मोजा. मग कोपऱ्यातलं लोखंडी झाकण सरकवलं आणि आत आडव्या मुठीची चावी घातली. मुठीवर दोन्ही तळवे ठेवून तो सावकाश फिरवू लागला. घाईने फिरवली तर लाइनला धक्का बसतो, हे त्याला कुणीतरी शिकवलं असणार. मग उठून त्याने बटण दाबलं. आधी हवा आली, खोकल्यासारखी. मग तांबूस पाणी, बोटभर उंच. मग साफ. सिमेंटवरून ते सरळ जाळीकडे गेलं, कुठेही न थबकता. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी अंगठा वर केला.

खिशातला फोन काढून लेकीला लावला. ती झोपेतच होती.

"उठव त्याला," मी म्हणालो. "पाणी आलंय."