हरवलेला 'ळ' आणि मुक्त सॉफ्टवेअर

मी कविता लिहिणारा माणूस. शिक्षण बी.ए.पर्यंत. संगणकावर बोलायला हा कशाला आला, असे कुणालाही वाटेल. त्याचे उत्तर माझ्या एका फजितीत आहे. ती आधी सांगतो.

२००१ च्या सुमारास चंद्रपुरात एका डीटीपी करणाऱ्याकडे बसून मी माझ्या साठेक कविता टाइप करून घेतल्या. संग्रह काही निघाला नाही. फ्लॉपी होत्या, त्यांची पुढे सीडी करून घेतली आणि ती अम्मीच्या लोखंडी पेटीत ठेवली. एका पावसाळ्यात इरईचे पाणी वस्तीत शिरले, त्यात वह्या गेल्या. सीडी वाचली म्हणून मी निश्चिंत होतो. काही वर्षांनी ती नव्या संगणकावर लावली, तर पडद्यावर कवितेच्या जागी इंग्रजी अक्षरे, कंस आणि स्वल्पविराम यांची नुसती खिचडी! तो फाँट विकतचा होता, त्याची परवानगी त्या एकाच संगणकापुरती होती आणि डीटीपीवाल्याचे दुकान कधीच बंद झाले होते. कविता माझ्या, पण कुलपाची किल्ली दुसऱ्याकडे.

असे का झाले? त्या जुन्या फाँटमध्ये संगणक मुळात मराठी लिहीतच नव्हता. आपण 'क'साठी कळ दाबायचो, तो मनात इंग्रजी 'डी' नोंदवायचा आणि वरून 'क'चा मुखवटा चढवायचा. फाँट गेला की मुखवटा गळून पडायचा. शिवाय प्रत्येक कंपनीचे मुखवटे निराळे. युनिकोड या जागतिक व्यवस्थेत मात्र प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. 'क'चा क्रमांक २३२५. फाँट कोणताही वापरा, 'क' हा 'क'च राहतो.

माझ्या शेजारी एटापल्लीकडची एक मुलगी कॉलेजसाठी राहत होती. तिने इंटरनेटवरून जुन्या फाँटचे युनिकोड करणारा एक छोटा प्रोग्राम शोधून आणला. कविता परत आल्या, पण लंगड्या. 'आभाळ' आणि 'काळ' यांतला 'ळ' गायब, 'वाऱ्यावर' मधला 'ऱ्य' मोडलेला. तो प्रोग्राम हिंदीसाठी केलेला होता. ती म्हणाली, "चाचा, यानं तुमचा 'ळ' खाऊन टाकला न जी!" आमच्या झाडीबोलीत तसाही डोळ्याचा 'डोरा' होतो, पण तो आमच्या मर्जीने. संगणकाने ठरवलेले कसे चालेल?

त्या प्रोग्रामची मूळ आज्ञावली, म्हणजे सोर्स कोड, उघडी होती. मुलीने ती 'नोटपॅड प्लस प्लस'मध्ये उघडली. आत एक साधा तक्ता होता : डावीकडे जुनी खूण, उजवीकडे युनिकोडचे अक्षर. तिने त्यात दोन-तीन ओळी वाढवल्या आणि अर्ध्या तासात माझा 'ळ' घरी आला. मग तिने त्या ओळी प्रोग्राम लिहिणाऱ्यालाही पाठवून दिल्या. पुढच्या मराठी माणसाची अडचण आधीच मिटली.

मुक्त सॉफ्टवेअर किंवा ओपन सोर्स म्हणतात ते हेच. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ही चळवळ सुरू केली. १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला आणि जगासाठी खुला केला. इंग्रजीत 'फ्री' म्हटले की फुकट की मोकळे, असा घोळ होतो. आपल्याकडे फुकट वेगळे आणि मुक्त वेगळे. फुकट मिळालेल्या वस्तूच्या आत डोकावता येईलच असे नाही. मुक्त वस्तू वापरता येते, उघडून पाहता येते, दुरुस्त करता येते आणि दुसऱ्याला देता येते. मात्र अनेक परवान्यांत एक अट असते : तुम्ही सुधारून वाटलेली वस्तूही खुलीच ठेवायची.

गडचिरोलीकरांना हे समजावून सांगायला नको. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. गावाने बांबू घ्यावा, विकावा, जंगल राखावे. पण एकट्याने त्याला कुंपण घालायचे नाही. ही अटही त्याच जातीची आहे.

आता माझी रोजची साधने सांगतो. लेखनासाठी लिबरऑफिस. त्याची स्वतःची फाइल ओडीटी प्रकारची असते आणि तो २००६ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे, म्हणजे उद्या लिबरऑफिस नसले तरी दुसऱ्या प्रोग्रामला ती वाचता येईल. इंटरनेटसाठी फायरफॉक्स, त्याचे सगळे मेनू मराठीत मिळतात. मुखपृष्ठाच्या चित्रासाठी गिंप, कवितांचे ध्वनिमुद्रण ऐकायला व्हीएलसी. ही सगळी विंडोजवरही चालतात, तेव्हा सुरुवातीलाच लिनक्सवर उडी घ्यायची गरज नाही.

वेबसाइटसाठी वर्डप्रेस आहे. ते २००३ पासून चालत आले आहे आणि मुक्तच आहे. मी मात्र माझी पाने साध्या एचटीएमएलमध्ये, त्या मुलीकडून शिकून, हाताने लिहितो. पानाच्या माथ्यावर 'यूटीएफ-८' अशी नोंद करायची, म्हणजे ब्राउझरला युनिकोडची अक्षरे नीट वाचता येतात. या पद्धतीत देवनागरीच्या एका अक्षरचिन्हाला तीन बाइट लागतात. पाचशे चिन्हांची कविता दीड किलोबाइटच्या आसपास होते. तीच कविता फोटो काढून टाकली तर शेकडो पट जड. भामरागडकडे नेटवर्क कसे असते ते तिकडच्या लोकांना विचारा!

त्या मुलीची भाषा गोंडी. २०११ च्या जनगणनेत ही भाषा बोलणारे सुमारे ३० लाख होते. मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी घडवलेली लिपी युनिकोडमध्ये २०१७ साली आली. आपल्या शेजारच्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या गुंजाळा गावाच्या नावाची लिपी २०१८ मध्ये आली. 'नोटो' या मुक्त फाँटमालिकेत दोन्ही लिप्या आहेत, आणि अम्मीच्या चिठ्ठ्यांतली उर्दू नस्तालिकही. मुलीच्या आजीची गाणी, अम्मीची चिठ्ठी आणि माझी मराठी कविता आता एकाच पानावर मांडता येते. त्यासाठी कुणाची किल्ली मागावी लागत नाही.

अडचणी नाहीत असे नाही. काही छापखाने अजून जुनाच फाँट मागतात. दुसऱ्या प्रोग्राममधले तक्ते कधी कधी विस्कटतात. अडले तर सांगणारा माणूस शोधावा लागतो. आणि कोणतेही सॉफ्टवेअर त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावे.

एक विनंती. घरी कुणाच्या कविता, गावाचा इतिहास, पोवाडे किंवा वंशावळ जुन्या फाँटमध्ये पडून असेल, तर ती फाइल या आठवड्यात उघडून पाहा. उघडलीच तर लगेच युनिकोडमध्ये आणा आणि दोन ठिकाणी ठेवा. आणि अक्षरे मोजून घेताना 'ळ' आहे ना, तेवढे पाहा.